मानवाधिकार, पर्यावरण आणि तंत्रज्ञान : एकच अभ्यासक तिन्हींच्या मागे का लागतो?

वृत्तवाहिनीवर एआयबद्दल, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल चर्चा चालू असते. एका पाहुण्याच्या नावाखाली ओळख येते : ‘कायद्याचे प्राध्यापक, मानवाधिकार, पर्यावरण आणि तंत्रज्ञान नियमन’. काही दिवसांनी तेच नाव हवामानबदलाच्या खटल्याच्या बातमीत दिसतं. मग प्रश्न पडतो, आणि तो रास्त आहे : कोठडीतल्या छळाविरुद्ध उभा राहणारा कायदा, नदीत सांडपाणी सोडणाऱ्याला जबाबदार धरणारा कायदा आणि मोबाइलमधल्या ॲपला वेसण घालणारा कायदा यांचा एकमेकांशी संबंध काय? तिन्ही एकाच माणसाला कसे येतात? आणि वर्षानुवर्षं विद्यापीठात बसून याबद्दल वाचून-लिहून नेमकं होतं काय?

संबंध आहे आणि तो जवळचा आहे. पण तो दिसायला आधी तिन्ही विषय सुटे करून पाहावे लागतील.

आधी तीन विषय वेगवेगळे

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 10 डिसेंबर 1948 रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. दुसरं महायुद्ध संपून तीनच वर्षं झाली होती. एखादं सरकार आपल्याच माणसांचं काय करू शकतं, हे जगाने नुकतंच पाहिलं होतं. त्यामुळे सुरुवातीचा सगळा भर सरकारने काय करू नये यावर होता. छळ करू नये, विनाचौकशी डांबू नये, बोलणाऱ्याचं तोंड बंद करू नये. 1966 साली त्यातून दोन मोठे आंतरराष्ट्रीय करार तयार झाले. पुढे हळूहळू एक भर पडत गेली : सरकारने स्वतः त्रास दिला नाही एवढ्याने भागत नाही, दुसरा कुणी, समजा एखादी कंपनी, त्रास देत असेल तर तिला आवरणं हेही सरकारचंच कर्तव्य. पुढचं बरंच काही या एका भरीवर उभं आहे.

पर्यावरण कायद्याला आंतरराष्ट्रीय आकार आला तो 1972 च्या स्टॉकहोम परिषदेपासून. 1992 च्या रिओ परिषदेने त्यातली काही तत्त्वं पक्की केली. नुकसान गंभीर आणि न भरून येणारं असण्याची शक्यता असेल, तर शंभर टक्के वैज्ञानिक खात्रीची वाट पाहत बसू नका, हे सावधगिरीचं तत्त्व. ज्याने घाण केली त्याने खर्च सोसावा, हे दुसरं. आणि ज्यांच्या आयुष्यावर परिणाम होणार आहे त्यांना माहिती मिळाली पाहिजे, निर्णयात बोलता आलं पाहिजे, हे तिसरं. माझ्या मते तिघांत सर्वांत महत्त्वाचं हे तिसरं आहे, आणि चर्चा मात्र त्याचीच सर्वांत कमी होते.

तंत्रज्ञान नियमन हे नाव नवं वाटतं, पण विषय जुना आहे. 1890 साली सॅम्युएल वॉरेन आणि लुई ब्रँडाइस या दोन अमेरिकी वकिलांनी हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकात खासगीपणाच्या हक्कावर एक लेख लिहिला. कारण झालं होतं झटपट फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांचं आणि लोकांच्या घरातल्या गोष्टी छापणाऱ्या वृत्तपत्रांचं. कॅमेरा आला, जुना कायदा अपुरा पडला, म्हणून नवा हक्क मांडला गेला. पुढे 1970 साली पश्चिम जर्मनीतल्या हेसन राज्याने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जगातला पहिला कायदा केला. 25 मे 2018 पासून युरोपीय संघाचा माहिती संरक्षण कायदा, म्हणजे जीडीपीआर, लागू झाला. त्यात गंभीर उल्लंघनासाठी कंपनीच्या जागतिक वार्षिक उलाढालीच्या 4 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

गाठ नेमकी कुठे आहे?

समजा, तुमच्या छताला ओल आली. पाणी बहुधा वरच्या मजल्यावरून येतंय. वरचा शेजारी म्हणतो, ‘माझ्याकडून नाही, हवं तर सिद्ध करा.’ सिद्ध करायचं तर त्याच्या न्हाणीघराची फरशी उचकटायला हवी, आणि ती उचकटू द्यायची की नाही हे त्याच्या हातात. नुकसान तुमच्या घरात, पुरावा त्याच्या घरात. ओल कोणत्या दिवशी सुरू झाली हे कुणाला सांगता येत नाही. ती सावकाश पसरत राहते, आणि भिंत पोखरली गेल्यावर जो तो म्हणतो की इमारतच जुनी झाली आहे.

कारखान्याशेजारच्या वस्तीत लोकांना दम्याचा त्रास होतो. चिमणीतून काय किती बाहेर पडलं याच्या नोंदी मात्र कारखान्याकडे. एखाद्याचा कर्जाचा अर्ज संगणकीय प्रणाली फेटाळते. का फेटाळला ते प्रणाली बनवणाऱ्या कंपनीलाच ठाऊक. एखादा माणूस कोठडीतून बाहेर येतो तो अंगावर वळ घेऊन. आत काय झालं याची कागदपत्रं पोलिसांच्या कपाटात.

‘जो आरोप करतो त्याने सिद्ध करावं’ हा कायद्याचा जुना आणि एरवी अत्यंत न्याय्य नियम. निरपराध माणसाचं रक्षण त्यानेच होतं. पण नुकसान लांबून, सावकाश आणि हजारो लोकांवर थोडंथोडं होत असेल, वर सगळी माहिती दुसऱ्याच बाजूकडे असेल, तर हाच नियम बलवान बाजूची ढाल होतो. या तिन्ही क्षेत्रांत काम करणारे अभ्यासक आयुष्यभर याच गाठीशी झटत असतात. माहिती देण्याची आणि खुलासा करण्याची जबाबदारी, निरपराधाला न चिरडता, ज्याच्या हातात माहिती आहे त्याच्याकडे कशी सरकवायची?

नेदरलँड्समधली एक यंत्रणा, जरा जवळून

नेदरलँड्स सरकारने 2014 मध्ये कायदा करून एका संगणकीय प्रणालीला परवानगी दिली. सरकारी मदत घेताना किंवा कर भरताना कोण फसवणूक करण्याची शक्यता आहे, हे तिने शोधायचं. त्यासाठी वेगवेगळ्या खात्यांकडची माहिती एकत्र करायची मुभा होती : नोकरी, कर, घर, शिक्षण, कर्ज, मिळणारे भत्ते आणि बरंच काही. सगळं एकत्र करून प्रणाली काही पत्त्यांवर खूण करायची, की इथे चौकशी व्हावी.

आता ज्याच्या नावापुढे खूण झाली त्या माणसाच्या बाजूने पाहू. आपल्यावर खूण झाली आहे, हे त्याला आपोआप कळवलं जात नव्हतं. कोणत्या गोष्टींना किती गुण दिले जातात, हे सरकार सांगत नव्हतं. सांगितलं तर लोक त्यानुसार वागणं बदलतील, असा युक्तिवाद होता. आणि ही प्रणाली वापरली गेली ती मुख्यतः गरीब वस्त्यांमध्ये. म्हणजे ज्यांच्याकडे वकील करण्याची ऐपत सर्वांत कमी, त्यांच्यावरच सर्वांत जास्त नजर.

नागरी संघटना आणि काही व्यक्ती न्यायालयात गेल्या. या खटल्यात फिलिप ऑल्स्टन यांनी एक निवेदन दाखल केलं. ते न्यूयॉर्क विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक, आणि त्या वेळी आत्यंतिक दारिद्र्य आणि मानवाधिकार या विषयावरचे संयुक्त राष्ट्रांचे स्पेशल रॅपोर्टर होते, म्हणजे एका विषयावर पाहणी करून अहवाल देण्यासाठी नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ. खटल्यात कुठल्याच बाजूचा पक्षकार नसलेला, पण न्यायालयाला विषय समजावून देणारा जाणकार म्हणजे न्यायमित्र. ऑल्स्टन यांनी ती भूमिका घेतली आणि दारिद्र्य, पाळत आणि हक्क यांचा धागा न्यायालयापुढे मांडला.

5 फेब्रुवारी 2020 रोजी हेगच्या जिल्हा न्यायालयाने निकाल दिला. फसवणूक रोखण्याचा हेतू न्यायालयाने चुकीचा म्हटला नाही. नव्या तंत्रज्ञानालाही विरोध केला नाही. पण ही प्रणाली पुरेशी पारदर्शक नाही, तिची पडताळणी करता येत नाही, त्यामुळे खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग होतो, असं म्हणून तो कायदा त्या हक्काशी विसंगत ठरवला. सरकारने अपील केलं नाही.

हे उदाहरण मी मुद्दाम लांबवलं. इथे कुणावर लाठी पडली नाही, कुणी तुरुंगात गेलं नाही. तरीही मानवाधिकारांचा भंग झाला, आणि तो ओळखायला हक्कांचा कायदा आणि माहिती-प्रणालींचं काम, दोन्ही समजणारी माणसं लागली. एकटा संगणकतज्ज्ञ अचूकता किती ते तपासत बसला असता. जुन्या पठडीतल्या वकिलाला प्रणाली कुठे खूण करते आणि का, हे विचारायचं सुचलंही नसतं.

एका क्षेत्राची अवजारं दुसऱ्या क्षेत्रात

1 जानेवारी 1970 रोजी अमेरिकेत पर्यावरण धोरणाचा कायदा झाला आणि त्यातून ‘परिणामांचं मूल्यांकन’ ही कल्पना जगभर गेली. धरण, महामार्ग, खाण असं काही मोठं करण्याआधी परिणाम काय होतील याचा अभ्यास करायचा, तो लोकांपुढे ठेवायचा, हरकती ऐकायच्या आणि मगच निर्णय घ्यायचा. काम करू पाहणाऱ्यानेच आधी हिशेब मांडायचा, म्हणजे खुलाशाची जबाबदारी योग्य हातात गेली.

जवळजवळ अर्ध्या शतकानंतर हीच कल्पना जीडीपीआरमध्ये आली. लोकांच्या हक्कांना मोठा धोका संभवत असेल अशा पद्धतीने माहिती वापरायची असेल, तर संस्थेने आधी परिणामांचं मूल्यांकन करावं, असं त्याचं 35 वं कलम सांगतं. युरोपच्या 2024 च्या एआय कायद्याने काही ठिकाणी मूलभूत हक्कांवरच्या परिणामांचंही मूल्यांकन सक्तीचं केलं आहे. लोकांना गुण देऊन त्यांची सामाजिक वर्गवारी करणं अशा काही वापरांवर त्या कायद्याने सरळ बंदी घातली, आणि ही बंदी 2 फेब्रुवारी 2025 पासून लागू आहे. धोका फार मोठा असेल तर आधीच थांबा, हा सावधगिरीच्या तत्त्वाचाच वारसा.

पण उसनवारी करताना एक गोष्ट मागेच राहिली. धरणाचा अहवाल लोकांपुढे येतो, त्यावर हरकती घेता येतात. जीडीपीआरखालचं मूल्यांकन जाहीर करण्याची सर्वसाधारण सक्ती नाही. ते बहुतेक वेळा संस्थेच्या फाइलमध्येच राहतं. अवजार आलं, त्याची धार आली नाही. असं काही ओळखणं, ते का घडलं हे शोधणं आणि दुरुस्ती सुचवणं, हे या अभ्यासकांचं अगदी रोजचं काम आहे. दोन्ही कायदे माहीत असल्याशिवाय ही उणीव नजरेला पडत नाही.

सगळंच काही उचलून आणता येत नाही, हेही खरं. पाण्यातला पारा मोजता येतो. भेदभाव मोजायला एकक नाही. नदी खराब झाली तर काठावरची सगळी गावं एकमेकांना ओळखतात, एकत्र येतात. एकाच प्रणालीने नाकारलेले हजार अर्जदार एकमेकांना कधीच भेटत नाहीत.

वर्गात सुरू झालेलं काम

‘प्राध्यापक लिहितात, पण वाचतं कोण?’ हा प्रश्न मी बऱ्याचदा ऐकते. त्याला उत्तर म्हणून दोन वर्गांची हकिकत सांगण्यासारखी आहे.

ख्रिस्तोफर स्टोन हे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात कायदा शिकवायचे. एका तासाला विद्यार्थ्यांचं लक्ष उडालं होतं, तेव्हा त्यांनी विचारलं : निसर्गालाच कायद्यात हक्क असते तर? वर्ग खडबडून जागा झाला. 1972 मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. एका डोंगराळ दरीत होऊ घातलेल्या पर्यटन प्रकल्पाचा खटला तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात होता. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी आपल्या असहमतीच्या निकालपत्रात या लेखाचा आधार घेतला. बहुमत त्यांच्या बाजूने नव्हतं, पण कल्पना मेली नाही. 2008 मध्ये इक्वेडोरने निसर्गाचे हक्क राज्यघटनेत घातले. 2017 मध्ये न्यूझीलंडने व्हांगानुई नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा दिला. त्यामागे नदीला आपली पूर्वज मानणाऱ्या माओरी समाजाचा दीर्घ लढा होता, आणि त्याचं श्रेय त्यांचंच.

दुसरा वर्ग प्रशांत महासागरातला. 2019 मध्ये दक्षिण प्रशांत विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या 27 विद्यार्थ्यांनी ठरवलं, की हवामानबदलाचा प्रश्न थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. त्या भागातली अनेक बेटं समुद्राच्या पातळीपासून जेमतेम वर आहेत. न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार त्यांना नव्हता. असे प्रश्न आमसभेमार्फत जातात. त्यांनी आपल्या सरकारांना पटवायला सुरुवात केली. वानुआतू देशाने पुढाकार घेतला. 29 मार्च 2023 रोजी आमसभेने मतदान न घेता, सर्वसहमतीने ठराव केला. डिसेंबर 2024 मध्ये हेगला झालेल्या सुनावणीत 96 देश आणि 11 आंतरराष्ट्रीय संघटनांनी बाजू मांडली.

23 जुलै 2025 रोजी न्यायालयाने एकमताने मत दिलं. हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. त्यात आपल्या हद्दीतल्या खासगी कंपन्यांना आवरणंही येतं. कर्तव्य मोडणाऱ्या देशावर, ठरावीक अटी पूर्ण झाल्यास, भरपाईची जबाबदारी येऊ शकते. आणि स्वच्छ, निरोगी पर्यावरण नसेल तर बाकीचे मानवाधिकारही उपभोगता येत नाहीत. 1948 नंतर मानवाधिकार कायद्यात पडलेली ती भर इथे हवामानाच्या प्रश्नाला येऊन मिळाली. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे, निकालासारखं बंधनकारक नाही. पण पुढच्या प्रत्येक खटल्यात वकील ते पुढे ठेवणार आणि न्यायाधीशांना त्याची दखल घ्यावी लागणार.

मग हे करिअर प्रत्यक्षात कसं असतं?

कायद्याची पदवी, पदव्युत्तर शिक्षण, मग पीएचडी, हा नेहमीचा रस्ता. पण तो एकमेव नाही. कंपन्या आणि मानवाधिकार या विषयावरची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वं 2011 मध्ये मान्य झाली. ती घडवणारे हार्वर्डचे प्राध्यापक जॉन रगी वकील नव्हते, राज्यशास्त्राचे अभ्यासक होते.

रोजच्या कामाचा मोठा भाग वाचनाचा. शेकडो पानांची निकालपत्रं, समित्यांचे अहवाल, विधेयकांचे मसुदे. मग शिकवणं. मग लेख, ज्यावर त्याच विषयातले जाणकार नाव न सांगता टीका करतात आणि तो सुधारून पुन्हा पाठवावा लागतो. सरकारने विधेयकावर सूचना मागवल्या की कलमवार टिपणं पाठवायची. कधी न्यायमित्र म्हणून निवेदन. यातलं बरंचसं काम बिनपैशाचं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या स्पेशल रॅपोर्टरना तर पगार मिळत नाही. त्यांच्यात प्राध्यापक बरेच दिसतात, याचं हे एक कारण.

अशा कामाला फळ किती काळाने येतं, याचं एक उदाहरण. जॉन नॉक्स हे अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांना मानवाधिकार आणि पर्यावरण यांच्या संबंधाचा अभ्यास करायला नेमलं. जगभरातले निकाल, करार, घटना चाळून 2018 मध्ये त्यांनी 16 तत्त्वं मांडली. त्यांच्यानंतर डेव्हिड बॉइड यांनी काम पुढे नेलं. 28 जुलै 2022 रोजी आमसभेने स्वच्छ, निरोगी आणि शाश्वत पर्यावरणाचा हक्क हा मानवाधिकार आहे असं मान्य केलं : बाजूने 161 मतं, विरोधात एकही नाही, 8 देश तटस्थ. दहा वर्षं लागली, आणि त्यामागे आदिवासी समाज, संघटना आणि छोट्या देशांची त्याहून जुनी मेहनत होती.

‘तीन विषय म्हणजे एकही धड नाही’

ही शंका चुकीची नाही. तिन्ही विषयांतले शब्द पेरून वरवरचं लिहिणारेही असतात. ज्यांचं काम टिकतं त्यांचा एक पाय एका विषयात खोल रोवलेला असतो आणि दुसऱ्या विषयांकडे ते तिथून जातात. आधी एका विषयात तावून-सुलाखून निघावं, मग कुंपण ओलांडावं, हा क्रम उलटा करू नये असं मला ठामपणे वाटतं.

‘तंत्रज्ञान धावतं, कायदा रांगतो’

डेव्हिड कॉलिंग्रिज या ब्रिटिश अभ्यासकाने 1980 मध्ये ही अडचण नेमकी मांडली. तंत्रज्ञान नवं असतं तेव्हा ते बदलणं सोपं, पण परिणाम माहीत नसतात. परिणाम कळतात तोवर ते इतकं रुजलेलं असतं, की बदलणं महाग आणि अवघड होऊन बसतं. यावर रामबाण उपाय नाही. पण त्यातूनच काही व्यावहारिक मार्ग निघाले : ठरावीक काळाने आपोआप फेरविचाराला येणारे कायदे, आधी मर्यादित प्रमाणात चाचणी, धोक्याच्या प्रमाणात कमी-जास्त कडक नियम. शिवाय सगळं कधीच नवं नसतं. यंत्र नवं असतं. कारण न देता माणसाला नाकारणं ही गोष्ट जुनी आहे, आणि तिच्याविरुद्धचा कायदाही जुना आहे.

‘नियमांनी संशोधनाचा गळा आवळला जातो’

फ्रिज आणि स्प्रेच्या डब्यांत वापरले जाणारे सीएफसी वायू ओझोनचा थर खातात, हे मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी 1974 मध्ये मांडलं. उद्योगांनी कडाडून विरोध केला. 16 सप्टेंबर 1987 रोजी माँट्रियल करार झाला. फ्रिज बनणं थांबलं नाही. पर्यायी वायू आले. नियमामुळे संशोधन थांबलं नाही, त्याची दिशा बदलली.

पण या आक्षेपात तथ्यही आहे, आणि ते झटकून टाकणं बरं नाही. नियम पाळायला माणसं आणि पैसा लागतो. बलाढ्य कंपनी त्यासाठी वकिलांची फौज ठेवते. चार जणांची नवी कंपनी मेटाकुटीला येते. मग ज्यांना आवरायचं होतं तेच आणखी बळकट होतात. नियम कडक असावा की सैल, एवढीच चर्चा त्यामुळे अपुरी आहे. कोणाच्या आकाराला कोणता नियम, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे.

‘हा अभ्यास की चळवळ?’

माणसाला छळू नये, ही बाजू घेतल्याशिवाय मानवाधिकारांचा अभ्यासच होत नाही. डॉक्टर आरोग्याच्या बाजूने असतो, म्हणून त्याचं निदान पक्षपाती ठरत नाही. अभ्यासकाकडून अपेक्षा एवढी, की पुरावा आपल्या मताविरुद्ध गेला तर तो लपवू नये. 2024 चा स्वित्झर्लंडचा खटला घ्या. सरकार हवामानबदलाविरुद्ध पुरेसं करत नाही, अशी तक्रार घेऊन ज्येष्ठ महिलांची एक संघटना आणि चार महिला युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेल्या होत्या. 9 एप्रिल 2024 रोजी न्यायालयाने संघटनेच्या बाजूने निकाल दिला. त्या चार महिलांना मात्र वैयक्तिकरीत्या पीडित मानलं नाही. जो अभ्यासक फक्त पहिला भाग शिकवतो तो प्रचार करतो. दुसरा भाग का झाला, हे सांगणं म्हणजे अभ्यास.

पैशाचा प्रश्न याहून नाजूक आहे. ज्या कंपन्यांचं नियमन करायचं, त्याच कंपन्या कधीकधी या विषयावरच्या संशोधनाला निधी देतात. पैसा कुठून आला हे लेखावर स्पष्ट लिहिलेलं असणं, एवढी तरी वाचकाने मागणी करावी.

आणि दोन चांगल्या गोष्टीच एकमेकींवर आल्या तर?

सर्वांत अवघड पेच हा. भारताच्या सर्वोच्च न्यायालयातलं माळढोक प्रकरण पाहा. हा अतिशय दुर्मीळ पक्षी राजस्थान आणि गुजरातमध्ये विजेच्या तारांना धडकून मरतो. 2021 मध्ये न्यायालयाने मोठ्या पट्ट्यातल्या तारा, शक्य तिथे जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. पण त्याच पट्ट्यात सौर आणि पवनऊर्जेचे प्रकल्प आहेत, आणि ती वीज बाहेर नेणाऱ्या ताराही तिथूनच जातात. सरकार पुन्हा न्यायालयात आलं. 21 मार्च 2024 रोजी न्यायालयाने आधीचा सरसकट आदेश बदलून तज्ज्ञ समिती नेमली, आणि त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या 14 आणि 21 व्या कलमांतून, म्हणजे समानतेच्या आणि जगण्याच्या हक्कांतून, मिळतो असं मान्य केलं. एका बाजूला पक्षी, दुसऱ्या बाजूला कोळशाला पर्याय. पक्षीतज्ज्ञाला, वीज अभियंत्याला आणि वकिलाला एकमेकांची भाषा कळावी लागते अशी ही जागा आहे.

पुढचा मोठा प्रश्न

आज या तिन्ही विषयांत शिरणाऱ्या विद्यार्थ्याला मी डेटा सेंटर पाहायला सांगेन, म्हणजे एआय आणि इंटरनेट चालवणाऱ्या संगणकांची अवाढव्य गोदामं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे 2024 मध्ये त्यांनी जगातली सुमारे 1.5 टक्के वीज वापरली. त्यांच्यापैकी अनेकांना थंड ठेवायला पाणी लागतं. आसपास राहणाऱ्यांना त्या पाण्याचा हिशेब कोण देणार? युरोपीय संघाने एका मर्यादेपेक्षा मोठ्या डेटा सेंटरना वीज-पाण्याच्या वापराची माहिती देणं आता बंधनकारक केलं आहे. पण लोकांपुढे येतात ते प्रामुख्याने एकत्रित आकडे. व्यापारी गुपिताच्या नावाखाली एकेका केंद्राची माहिती झाकलेली राहू शकते. दुसरीकडे 1998 चा आरहूस करार पर्यावरणविषयक माहिती मागण्याचा हक्क देतो, आणि पर्यावरणाच्या रक्षणासाठी महत्त्वाची असलेली उत्सर्जनाची माहिती व्यापारी गुपित म्हणून दडवता येत नाही असं सांगतो. मग एका केंद्राने उपसलेलं पाणी आणि ओढलेली वीज त्या उत्सर्जनाच्या माहितीत धरायची का? ‘हो’ म्हणणाऱ्याला पाण्याचा, माहितीचा आणि हक्काचा असे तिन्ही कायदे उघडून युक्तिवाद बांधावा लागेल, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही.